वन्संनी गाडीला पुढचे पाय दिले

माझ्या नणंदेबद्दल लिहायचं तर आधी तिच्या आवाजाबद्दल लिहायला हवं. तो माणसाआधी घरात येतो. कोपऱ्यावरून "अगं भक्तीणबाई, चहा टाक!" अशी हाक आली की मी आधण ठेवते, आणि पाण्याला उकळी फुटते तेव्हा वन्संचं पाऊल उंबऱ्यावर पडतं. इतकं त्यांचं आणि माझ्या गॅसचं जमलेलं आहे.

वन्सं गाड्या दुरुस्त करतात. सासऱ्यांचं गॅरेज होतं. ते खरं म्हणजे मुलाकडे, आमच्या ह्यांच्याकडे, जायचं. पण ह्यांना लहानपणापासून इंजिनापेक्षा मधमाशीची घरघर गोड वाटायची. सासऱ्यांनी एक दिवस किल्ल्यांचा जुडगा काढला आणि थोरल्या लेकीच्या हातात दिला. त्याला आता तीस वर्षं झाली. सासऱ्यांचाच खाकी अंगरखा अजून वन्संच्या अंगावर असतो. फक्त खिसे दोनदा बदललेत. लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणतात, "ढकलल्याशिवाय स्टार्ट होणारा एकही आला नाही दारात. मी काय करू?"

त्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, प्रार्थना करताहेत. तसं बोलूनही दाखवलं. तर म्हणाल्या, "तुझा देव वर असतो, माझी गाडी माझ्या वर असते. मी खालून बघते, तू खालून बघतेस. फरक इतकाच, की माझ्या तोंडावर तेल गळतं."

देवाचं त्या करत नाहीत, मी करते. म्हणून मी भक्तीणबाई. रोज सकाळी माळ घेऊन बसते. एकशे आठ मण्यांची साधी लाकडी माळ आहे, माझ्या आईची. आईनेच एक शिस्त लावली होती. जप करताना मन पळालं की एक मणी मागे घ्यायचा. दूध उतू जाईल का, दार लावलं का, असं काही मनात आलं की बोट आपोआप एक मणी मागे. आणि संध्याकाळी वहीत लिहायचं, आज काय झालं, कशाबद्दल देवाचे आभार, आणि मन किती वेळा पळालं. बावीस वर्षं मी ही वही लिहिते आहे. वन्सं तिला 'गुन्ह्यांची नोंदवही' म्हणतात.

अशा या निधड्या छातीच्या वन्सं एकाच गोष्टीला घाबरतात, मधमाशीला. आमच्या मागच्या अंगणात चोवीस मधपेट्या आहेत, पण वन्संनी ते अंगण कधी ओलांडलेलं नाही. माशी शेजारून गेली तरी त्या हातातला पाना टाकून आत पळतात. आणि त्याच पेट्यांसाठी त्यांनी जे केलं, ते मला लिहून ठेवायचं आहे.

आमच्या गावावर एक पठार आहे. वर्षातून तीन आठवडे ते फुलांनी भरतं, आणि त्या तीन आठवड्यांचा मध म्हणजे ह्यांचं वर्ष. पठारावर जायला एकच कच्चा रस्ता. मधे झऱ्याचा चढ लागतो, बारा महिने ओला, चिकणमातीचा, घासलेल्या साबणासारखा. आमची पिकअप तिथपर्यंत शहाण्यासारखी येते आणि चढावर हात टेकते. मागची चाकं गरागरा फिरतात, पुढची नुसती पाहुण्यासारखी उभी. मग हे एकेक पेटी पाठीवर घेऊन चढायचे. बारा वर्षं असंच केलं. गेल्या साली पेटीसकट पडले. पेटी वाचवली, कंबर गेली. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे उशीपेक्षा जड काही उचलायचं नाही.

यंदा फुलं यायला आठवडा असताना हे जेवताना म्हणाले, "पेट्या देऊन टाकतो. खालचा तो फळबागवाला घ्यायला तयार आहे. रविवारी नऊ वाजता येईल."

म्हणाले अगदी सहज, पण घास तसाच हातात राहिला होता. वन्सं समोर बसल्या होत्या.

"आणि तू काय करणार?"

"बघू. बसेन."

"बसशील! अरे, तुला बसता कधी आलंय? आठ वर्षांचा असल्यापासून तू त्या माश्यांच्या मागे आहेस."

"ताई, चढ मी बदलू शकत नाही आणि कंबरही."

वन्संनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "मग गाडी बदलते," म्हणाल्या. "तुझी गाडी दोन पायांवर चालते. तिला पुढचे दोन देते. चारही चाकं ओढायला लागली की तो चढ काय, भिंत चढेल. शनिवारपर्यंत. रविवारी सकाळी पेट्या वर पोचल्या, तर त्या बागवाल्याला नाही म्हणायचं. कबूल?"

"आणि नाही पोचल्या तर?"

"तर दे. मी तोंड उघडणार नाही."

हे हसले. "तू तोंड उघडणार नाहीस, हे बघायला तरी कबूल." आणि बागवाल्यालाही फोन करून तसं सांगून ठेवलं.

पण त्या रात्री मी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांना काहीतरी हवं होतं. आणि म्हणून मला धास्ती वाटली. हवंसं वाटून न मिळणं वाईट.

सोमवारी वन्सं भंगारवाल्याकडे गेल्या. त्याच्याकडे आमच्याच पिकअपच्या कंपनीची एक जुनी जीप पडली होती, चारही चाकांनी ओढणारी. तिचा पुढचा अ‍ॅक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा तो जाड आडवा दांडा, वन्संनी काढून आणला. शिवाय एक लोखंडी पेटी. ती गिअरबॉक्सच्या मागे बसते आणि इंजिनाची ताकद वाटून देते, एक शाफ्ट, म्हणजे फिरती लांब नळी, मागे, एक पुढे. मला हे सगळं वन्संनीच समजावलं. "सासूबाई समज," त्या म्हणाल्या, "दोन्ही सुनांना सारखं काम देते."

"सारखं देणारी सासू मी तरी पाहिली नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच लोखंडाची करावी लागते."

अ‍ॅक्सलच्या मधोमध एक पोट सुटल्यासारखा गोळा असतो. त्यात दातेरी चाकं असतात. शाफ्ट चार-साडेचार वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. किती वेळा, ते त्या दातांवर ठरतं. गोम अशी, की पुढचा आणि मागचा हिशेब अगदी सारखा हवा. नाहीतर पुढची चाकं एका चालीने धावणार, मागची दुसऱ्या, आणि मधे गाडीची ओढाताण. खरं तर गोळ्यावर आकडा ठोकलेला पत्रा असतो. आमच्या दोन्ही गोळ्यांवरचा गंजून गेला होता. मग हाताने मोजायचं. एक चाक घट्ट धरायचं, दुसरं वीस वेळा फिरवायचं, तेवढ्यात शाफ्ट किती वेळा फिरला ते मोजायचं. एक चाक धरलेलं असलं की दुसऱ्याचे वीस फेरे दहाच धरायचे, म्हणजे आकडा चाळीसच्या पुढेमागे यायला हवा.

आणि मोजणं हे वन्संचं काम नव्हे. बोलल्याशिवाय त्यांना राहवत नाही, आणि बोलताना आकडा सुटतो. मंगळवारी तीनदा मोजलं, तीन वेगळे आकडे आले. चौथ्यांदा त्यांनी मला हाक मारली.

"भक्तीण, तुझी माळ आण. मी चाक फिरवते. शाफ्टवर खडूची रेघ आहे, ती वर आली की एक मणी सरकव. बाकी काही करू नकोस."

मला संकोच वाटला. माळ आणि ग्रीस! पण मग वाटलं, ह्यांच्यासाठीच आहे ना. हात धुतले, नमस्कार केला आणि स्टुलावर बसले. मागचा अ‍ॅक्सल मोजला, एक्केचाळीस मणी. मग पुढचा. तो मोजताना वन्सं नेहमीप्रमाणे सुरू झाल्या.

"तुला सांगितलंय का, हा लहान असताना मी याला म्हटलं, श्वास रोखून धरला की माशी चावत नाही? तर हा गाल फुगवून पोळ्यासमोर उभा. लाल, मग जांभळा, आणि मग धप्प! गटारात. माशी चावली नाही ती नाहीच!"

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. पण मणी सोडले नाहीत. शेवटी मोजले, एक्केचाळीस.

"सारखे!" वन्संनी माझ्या पाठीत थाप मारली. पाच बोटं ग्रीसची. तो ब्लाउज अजून आहे माझ्याकडे.

बुधवार, गुरुवार वन्सं गाडीखालीच राहिल्या. पुढचे स्प्रिंगचे पाटे बदलले, अ‍ॅक्सल बसवला, मागचा शाफ्ट आखूड करून आणला. मी जेवण गाडीखाली सरकवायचे, रिकामं ताट बाहेर सरकत यायचं. हे कंबरेचा पट्टा बांधून दारात खुर्चीवर बसायचे, आणि बहीण-भावाचं सुरू व्हायचं.

"ताई, तो बोल्ट तिरका दिसतोय."

"तुझी मान तिरकी आहे."

"अगं, खरंच बघ."

खाली पाना खडखडला. मग खालून, "हं. होता थोडा." आणि मग लगेच, "फुकटच्या घोड्याचे दात मोजायला बसलाय नुसता, चहा तरी दे!"

शुक्रवारी दुपारी गाडी खाली उतरवली. गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत वन्संनी आधी नेहमीसारखी चालवली. छान. मग चारही चाकांचा दांडा ओढला. गाडी सरळ रेषेत वीस-पंचवीस हात गेली आणि कण्हायला लागली. स्टिअरिंग जड झालं. चाकं खडीवर खरडली. मग खालून 'ठाण्' असा आवाज आला, की झाडावरचे पक्षी उडाले. वन्संनी तिथल्या तिथे इंजिन बंद केलं.

त्या खाली उतरल्या, आणि काहीच बोलल्या नाहीत.

हे मला त्या आवाजापेक्षा भयंकर वाटलं. वन्सं गप्प! त्यांनी ती वाटणी करणारी पेटी पुन्हा खोलायला घेतली. त्यांना वाटत होतं चूक आपली, जोडणीत कुठेतरी. एकेक चाक काढून कापडावर मांडत होत्या, उचलून बघत होत्या, परत ठेवत होत्या. हे खुर्चीवरून उठले आणि हळूच म्हणाले, "राहू दे ताई. तू केलंस तेवढं पुष्कळ." मग मागच्या अंगणात गेले आणि पेट्यांच्या झाकणांवरची धूळ पुसू लागले. दुसऱ्याच्या घरी द्यायच्या म्हणून.

मी संध्याकाळी वही घेऊन बसले. आभार काय लिहावे सुचेना. मागची पानं चाळत राहिले, कधीकधी आपलंच आधीचं वाक्य धीर देतं. मंगळवारचं पान आलं. लिहिलं होतं, "आज गॅरेजात माळ वापरली, देव क्षमा करो. मन दोनदा पळालं. दोन्ही वेळा पुढचा अ‍ॅक्सल मोजताना, एकदा गॅस बंद केला का म्हणून, एकदा ह्यांच्या गटाराच्या गोष्टीने."

मी ते वाक्य दोनदा वाचलं. मन दोनदा पळालं. म्हणजे बोट दोनदा मागे गेलं. बावीस वर्षांची सवय, माझ्याही नकळत. मी एक्केचाळीस मोजले होते, पण शाफ्ट फिरला होता त्रेचाळीस वेळा!

कानशिलं तापली. चार दिवसांची मेहनत माझ्या दोन मण्यांनी मातीत घातली होती. क्षणभर, खोटं कशाला लिहू, असंही वाटलं की न सांगितलं तर कुणाला कळणार आहे? मग वही तशीच उघडी घेऊन गॅरेजात गेले.

"वन्सं, चूक तुमची नाही. माझी आहे." आणि ते पान पुढे धरलं.

त्यांनी ग्रीसचा हात पाठीमागे धरून वाचलं. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वहीकडे. मग अशा हसत सुटल्या की टायरवर बसावं लागलं त्यांना.

"देवापुढे प्रामाणिकपणा केलास आणि गॅरेजात घोटाळा! अगं, मशीनला काय करायचंय तुझं मन कुठे गेलं होतं ते?"

"माफ करा हो. तुम्ही चार दिवस..."

"गप. मी मोजलं असतं तर सदतीस आले असते आणि कुणाला पत्ताही लागला नसता. तू निदान चूक लिहून ठेवतेस." डोळे पुसताना गालावर काळा पट्टा ओढला गेला. "चल, पुन्हा मोजू. आणि या वेळी मी बोलणार नाही."

त्यांनी खरंच एक स्वच्छ फडकं घडी करून तोंडात धरलं. हे दारात येऊन उभे राहिले आणि ते दृश्य बघून म्हणाले, "आता बागवाल्याने पेट्या नेल्या तरी चालतील. मला जे बघायचं होतं ते बघितलं." फडक्याआडून काहीतरी आलं, पण ते शब्द नव्हते, नशीब.

पुढच्याचा आकडा आला त्रेचाळीस.

म्हणजे मागचा गोळाही त्रेचाळीसचा हवा. तो कुठे मिळणार? वन्संनी कपाळावर हात मारला. "अगं, त्याच जीपच्या मागे! पुढच्याची सख्खी जोडी. सोमवारी डोळ्यांसमोर होती."

शनिवारी सकाळी आम्ही दोघी भंगारवाल्याकडे गेलो. जीपचा मागचा अ‍ॅक्सल होता, पण त्यावर फळी टाकून त्याने गिऱ्हाइकांसाठी बाक केला होता आणि स्वतःच त्यावर बसून पेपर वाचत होता.

"उठा," वन्सं म्हणाल्या.

"बाई, हा बाक आहे. सहा वर्षं गाव यावर बसतंय."

"बाक तुमचा, पोट माझं. गोळा तेवढा काढून घेते. बसायला पोट लागत नाही."

"माझं बघून तसं वाटत नाही," तो स्वतःच्या पोटावरून हात फिरवत म्हणाला, आणि उठला. वन्संनी फळी न हलवता, बाकाखाली आडवं पडून गोळा काढला. बाक जागचा हलला नाही. आम्ही निघालो तेव्हा तो पुन्हा पेपर वाचत होता.

दुपारी चारला नवा गोळा मागे बसला. कंपनी एकच, बोल्ट बरोबर जुळले. तेल भरलं. मोकळ्या जागेत वन्संनी दांडा ओढला. मी मुठीत माळ धरून उभी होते, जप सुचत नव्हता. गाडी वीस हात गेली. तीस गेली. भिंतीपर्यंत गेली. ना कण्हणं, ना ठणठण.

वन्संनी खिडकीतून डोकं काढलं. "बोलत नाहीये! बरी झाली!"

रविवारी दिवस उगवताना मी आणि वन्सं पेट्या गाडीत चढवणार होतो. म्हणजे मी एका बाजूने धरणार, आणि दुसऱ्या बाजूने वन्सं. पेट्यांच्या दारांना जाळ्या लावलेल्या, तरी आत चोवीस घरांची घरघर. वन्संनी डोक्याला, गळ्याला, मनगटांना फडकी गुंडाळली होती, फक्त डोळे उघडे. पहिल्या पेटीपाशी येऊन त्या दोनदा मागे सरकल्या. मी म्हटलं, "मी एकटी ओढते, वन्सं." त्या म्हणाल्या, "गप, नाहीतर श्वास सुटेल माझा." श्वास रोखून होत्या! चोवीस पेट्या त्यांनी चोवीस श्वासांत चढवल्या. हे पलीकडे उभे होते, उशीपेक्षा जड काही न उचलता, आणि ओठ घट्ट दाबून बहिणीकडे बघत होते.

दाराला चिठ्ठी अडकवली, "पेट्या वर गेल्या," आणि निघालो. पुढे तिघंही, हे मधे. झऱ्याचा चढ आला. वन्संनी गाडी थांबवली, चारही चाकांचा दांडा ओढला, आणि अगदी सावकाश सोडली. निम्म्यावर, जिथे हे गेल्या साली पडले होते, तिथे पुढचं चाक घसरलं. गाडी एका अंगाला सरकली. ह्यांनी डोळे मिटले. मी वन्संकडे पाहिलं. त्या स्टिअरिंगला हळू आवाजात म्हणत होत्या, "धर, बाई, धर. पुढची तू आहेस ना, धर."

आणि तिने धरलं. पुढची चाकं चिखलात रुतली, दात लावल्यासारखी, आणि ओढू लागली. मागची ढकलत होती, पुढची ओढत होती, आणि गाडी कुणीतरी हाताला धरून वर घ्यावी तशी वर आली. पठार समोर पसरलं, पिवळं, जांभळं, पांढरं.

ह्यांनी डोळे उघडले. सगळ्या पठारावरून नजर फिरवली. मग म्हणाले, "ताई, तिरका होता ना गं तो बोल्ट?"

"उतर खाली!" वन्सं म्हणाल्या, आणि फडक्याच्या टोकाने डोळे पुसले.

पेट्या मांडून झाल्या आणि वन्सं धावत गाडीत जाऊन बसल्या. काचा वर, दारं बंद. ह्यांनी एकेका पेटीची जाळी काढली. माश्या आधी दाराशी रेंगाळल्या, एकेक करून उडाल्या, आणि मग हवेत सोनेरी झालर उलगडावी तशा फुलांवर पसरल्या. हे त्यांच्यामधून फिरत होते, कंबरेला पट्टा, ओठांवर शीळ. ती शीळ मी वर्षभरात ऐकली नव्हती.

साडेदहाला बागवाला चढ चालत वर आला, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला. त्याची गाडी खाली झऱ्यापाशी उभी होती. मला वाटलं आता कुरबूर करणार. त्याने पेट्या पाहिल्या, ह्यांना पाहिलं, आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"शब्द शब्द आहे. पोचल्या तर नाही, असंच ठरलं होतं." मग पिकअपकडे वळला. "पण हे केलं कुणी?"

मी गाडीकडे बोट दाखवलं. काचेआड फडक्यांत गुंडाळलेल्या वन्संनी हात हलवला. तो जवळ जाऊन काचेवर टकटक करू लागला, "बाई, माझ्या गाडीचंही बघता का?" आतून वन्सं ओरडल्या, "बघते! आधी तुमच्या टोपीवर बसलीये ती माशी बघा, आणि तिला घेऊन लांब व्हा!"

संध्याकाळी मी माळ घेऊन बसले. तिसऱ्या मण्यावर मन चढावर गेलं. एक मणी मागे. पुन्हा पुढे, पुन्हा शीळ आठवली, पुन्हा मागे. तासभर बसले आणि नऊ मण्यांपुढे गेले नाही. वहीत लिहिलं, "आज जप नऊ मण्यांचाच झाला. कारण देवाला माहीत आहे." मग लेखणी ठेवली, कारण कोपऱ्यावरून हाक आली होती, आणि आधण ठेवायला हवं होतं.